विश्वामित्री रुंद केलीत, आता तिची हद्द आखा

प्रति,
मा. महापौर, मा. म्युनिसिपल कमिशनर आणि स्थायी समितीचे सर्व सदस्य, वडोदरा महानगरपालिका
तसेच मा. अध्यक्ष, वडोदरा शहरी विकास सत्तामंडळ (वुडा)

विषय : विश्वामित्रीची पूररेषा जाहीर करून ती जमिनीवर आखण्याबाबत आणि पुराच्या काळात नदीपलीकडच्या बससेवेबाबत

सादर नमस्कार.

या पत्राची गुजराती प्रत आपल्या कार्यालयात देत आहे. मराठीत ते उघडपणे लिहिण्याचं कारण असं की दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, शियाबाग इथल्या आमच्या माणसांनीही ते वाचावं, आणि पटलं तर आपापल्या नगरसेवकाकडे हाच विषय न्यावा. मी दांडिया बाजारात लहानाचा मोठा झालो. नोकरीची सगळी वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून जमिनीचे नकाशे काढण्यात गेली. त्यामुळे नदीकडे पाहताना माझी नजर आधी तिच्या कडेकडे जाते.

२०२५ च्या उन्हाळ्यात आपण विश्वामित्रीत यंत्रं उतरवलीत. शहरातल्या सुमारे २४ किलोमीटरच्या पात्रात गाळ उपसला गेला, काठ उतरते केले गेले, झाडंझुडपं निघाली. भर उन्हात राबलेल्या इंजिनियरांचे आणि मजुरांचे आम्ही ऋणी आहोत. अनेक वर्षं नदीत फक्त सांडपाणी आणि कचरा सोडला जात होता. तिच्यासाठी काहीतरी केलं गेलं, ही गोष्ट लहान नाही.

पण या सगळ्या कामात एक प्रश्न अनुत्तरित राहिला. नदीची जागा कुठं संपते? काळा घोड्याच्या पुलावर उभं राहा, मुंजमहुड्याला जा, समा-सावली रस्त्यावर जा. इथपर्यंत नदीचं आणि इथून पुढं माणसांचं, असं दाखवणारा एक दगड नाही. किती घनमीटर माती काढली ते आपण सांगता. ती माती काढल्यावर नदीची म्हणून कायमची किती जमीन उरली आणि तिच्यावर पुन्हा कुणी भराव टाकला तर तो कोणत्या रेषेच्या आत टाकला असं म्हणायचं, हे काठावर राहणाऱ्याला कुठंच दिसत नाही. हद्द नसलेली जमीन कशी हळूहळू सरकते, हे नकाशाच्या कामात मी आयुष्यभर पाहिलं. आधी राडारोडा पडतो, मग पत्र्याचं कुंपण येतं, मग गेट, आणि काही वर्षांनी तिथं टॉवर उभा राहतो.

विश्वामित्री पावागडावरून निघते आणि पुढं ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखातात जाते. फार मोठी नदी नाही ती. पण बडोद्यात येताना ती इतकी वळणं घेते आणि तिच्या दोन्ही बाजूंना इतकी कोतरं आहेत की तिची खरी रुंदी वाहत्या पाण्यावरून कळतच नाही. कोतर म्हणजे पाण्यानं माती कापत तयार केलेली खोल घळ. उन्हाळ्यात तिथं काटेरी झुडपं, साप आणि मोर असतात, आणि जमिनीचा धंदा करणाऱ्याला ती जागा फुकट पडलेली दिसते. पावसात नदी चढू लागली की पाणी आधी या कोतरांत शिरतं, तिथं थांबतं आणि पूर ओसरला की परत जातं. आलेल्या माणसाला घरात घेण्याआधी ओसरीवर बसवावं, तसं ते काम चालतं. आता ही कोतरं बांधकामाच्या राडारोड्यानं भरली, वर मातीचा थर टाकून सपाट केली, की थांबायला जागा नसलेलं पाणी थेट घरांत जातं. पात्र खोल केल्यानं पाणी थोडं लवकर पुढं सरकेल, पण शहराच्या खालच्या बाजूला नदी अरुंदच असेल आणि ढाढर आधीच भरून वाहत असेल, तर ते जाणार कुठं? म्हणून कोतरांची राखण ही पूरनियंत्रणातली पहिली गोष्ट आहे आणि ती यंत्रानं होत नाही, नकाशानं आणि कायद्यानं होते.

आजवा सरोवराचं तसंच. महाराजा सयाजीराव तिसरे यांच्या काळात १८९२ साली पुरं झालेलं ते सरोवर आजही शहराला पाणी पाजतं. विश्वामित्रीत पाणी सोडणारे त्याचे ६२ दरवाजे प्रत्येक बडोदेकराला ठाऊक आहेत. ऑगस्ट लागला की आजव्याची पातळी आणि काळा घोड्याच्या पुलापाशी नदीची पातळी हे दोन आकडे घराघरांत फोनवर फिरू लागतात. पुलापाशी पंचवीस-सव्वीस फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी, ऐन जन्माष्टमीच्या सुमारास, विश्वामित्री पस्तीस फुटांच्या वर गेली. सयाजीगंज, फतेहगंज, समा, अकोटा, मुंजमहुडा, वडसर, कलाली. पाणी वस्त्यांत कित्येक दिवस होतं. अकोट्यात एका घराच्या पत्र्यावर चढून बसलेल्या मगरीचा फोटो देशभर पोचला, पण तळघरात बुडालेल्या गाड्या, विजेविना वरच्या मजल्यांवर अडकलेली म्हातारी माणसं, प्यायच्या पाण्यासाठी खिडकीतून सोडलेली दोरी, हे ज्यांनी भोगलं त्यांनाच माहीत आहे. गणपती तोंडावर आले होते. आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत त्या वर्षी मूर्ती ओल्या भिंतीसमोर बसली.

माझ्या चुलतबहिणीनं नदीच्या बाजूला फ्लॅट घेतला होता. माहितीपत्रकावर बागेचं, बाकांचं आणि शांत पाण्याचं चित्र होतं. पार्किंग तळघरात होतं. कागद सगळे रीतसर, प्लान मंजूर, बँकेचं कर्ज मंजूर. त्या एवढ्या कागदांत ही जमीन पुराच्या पाण्याखाली येते असं एक वाक्य कुठं असतं, तर तिनं ते घर घेतलं नसतं. किंवा घेतलंच असतं तर निदान तळमजल्यावर सासऱ्यांची खोली केली नसती. तिची फसवणूक झाली असं म्हणायलाही आधार नाही, कारण कोणती रेषा कुणी लपवली? रेषा आखलेलीच नव्हती.

आमचे पुष्कळ नातेवाईक सांगली-कोल्हापूरकडे आहेत. तिथं निळी पूररेषा आणि लाल पूररेषा हे शब्द सामान्य माणसाच्या तोंडी असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळीच्या आत बांधकाम नको, दोन्हींच्या मध्ये अटींवर. तिथंही या रेषा मोडल्या गेल्या, सरकवल्या गेल्या, हे खरं आहे आणि त्याची किंमत त्या शहरांनी मोजली. तरी मोडलेल्या रेषेकडे बोट दाखवून नागरिक भांडू शकतो, कोर्टात जाऊ शकतो. आमच्याकडे बोट दाखवायलाही काही नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०२१ मध्ये विश्वामित्रीसंबंधीच्या आदेशात पूरमैदानांची आखणी करायला आणि अतिक्रमणं हटवायला सांगितलं होतं. म्हणजे माझी मागणी नवी नाही, एका नागरिकाच्या डोक्यातून निघालेलीही नाही.

बडोद्याला तर हे शिकवायला बाहेरच्या कुणाची गरज नव्हती. आज ज्याला आपण अकोटा म्हणतो तिथं पूर्वी अंकोट्टक नावाची जुनी वसाहत होती. तिथं सापडलेल्या जैन कांस्यमूर्ती आपल्या म्युझियममध्ये आहेत. इतिहासकार सांगतात की सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास मोठ्या पुरांमुळं लोक नदीच्या पूर्वेला, उंचावर सरकले आणि वटपद्रक, म्हणजे आजचं बडोदं, वाढलं. हे शहर मुळात नदीला जागा सोडून वसलेलं आहे. आणि १८७९ साली महाराजांनी सयाजीबाग, म्हणजे आमचं कमाटीबाग, नदीच्या दोन्ही काठांना केली. काठावर बाग ठेवली की पूर बागेत येतो, झाडं भिजतात आणि पाणी उतरलं की लोक पुन्हा फिरायला जातात. पुढं सयाजीरावांनी नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांना बोलावलं आणि १९१६ मध्ये त्यांनी बडोद्याच्या विकासाचा आणि विस्ताराचा अहवाल दिला. गेडीस यांचा सगळ्या कामात एक आग्रह असे : पाहणी आधी, आराखडा नंतर. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी याच शहरानं ज्याला पैसे देऊन बोलावलं त्याचं एवढं एक वाक्य आज पाळलं तरी पुरे.

रिव्हरफ्रंट हा शब्द आपल्या बैठकांत पुन्हा येऊ लागला आहे, म्हणून त्याबद्दलही स्पष्ट लिहितो. अहमदाबादचा साबरमती रिव्हरफ्रंट पाहून आलेल्या बडोदेकराला तसंच इथं हवंसं वाटतं, त्यात त्याचा दोष नाही. पण तिथं रुंद नदी आहे, वासणा बंधाऱ्यानं अडवलेलं आणि नर्मदा कालव्यातून आलेलं पाणी आहे. विश्वामित्रीसारख्या अरुंद, वळणावळणाच्या नदीला दोन सरळ काँक्रीटच्या भिंतींत घातलं तर ती नदी म्हणून उरणार नाही, आणि पुराचं पाणी भिंतींच्या मागच्या वस्त्यांतून बाहेर पडायची वाट शोधत राहील. शिवाय इथं मगरी आहेत. २०२५ च्या गणनेत त्या चारशेहून जास्त भरल्या. शहराच्या मधोमध एवढ्या मगरींसोबत माणसं राहतात असं गाव जगात फार नसेल, आणि मला त्याचा अभिमान आहे. मगरीण उन्हाळ्याच्या सुरुवातीला काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, पिल्लं पावसाच्या तोंडाशी बाहेर येतात. म्हणजे काठ खणायला आपल्याला जे महिने सोयीचे तेच तिच्या अंड्यांचे महिने. वन्यजीव कायद्यानं पहिल्या अनुसूचीत ठेवलेला हा प्राणी आहे. काठ दगडानं बांधून काढले की ती वस्तीकडे सरकते आणि मग आम्हीच ओरडतो की मगरी गावात आल्या.

तलावांचं दुःख वेगळं आणि जास्त ताजं आहे. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या मोटनाथ तलावात सहलीला आलेल्या शाळेची नाव उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. त्यावर कोर्टात जे चाललं आहे ते चालू दे. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की पाण्याकाठच्या जागेचा 'विकास' असं म्हटलं की आपल्या मनात आधी तिकीट, नाव, खाऊची दुकानं आणि रोषणाई येते. तलाव कशासाठी आहे हा प्रश्न मागे पडतो. सूरसागरात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गणपती बोळवले. पाणी स्वच्छ राहावं म्हणून आपण ते थांबवलंत, नवलखीला कृत्रिम तलाव केला, आणि आम्ही तो बदल मनापासून स्वीकारला. भावनेचा प्रश्न असूनही लोक ऐकतात, कारण नीट समजावलं की पटतं. मग तोच कस भराव टाकणाऱ्यांना का लागू नसावा?

आणि कांस. भूखी कांस, रूपारेल कांस, मसिया कांस. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, कांस म्हणजे पावसाचं पाणी नदीपर्यंत नेणारा जुना ओढा. निझामपुऱ्याकडून येणाऱ्या भूखी कांसेला वळवायची, झाकायची चर्चा झाली की काठावरचे लोक घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं रास्त आहे. झाकलेली कांस दिसत नाही, आणि जी दिसत नाही ती साफ होत नाही. पूररेषा फक्त नदीपुरती आखली आणि कांसा सोडल्या, तर अर्धंच काम होईल.

आता वाहतुकीकडे येतो, कारण ते याच गोष्टीचं दुसरं अंग आहे.

नदी आणि रेल्वे या दोन रेघा बडोद्याला उभं चिरतात. जुन्या गावातून पश्चिमेला जायचं तर आधी पूल, मग गरनाळं, म्हणजे रेल्वेखालून जाणारा रस्ता. अलकापुरीचं गरनाळं एका जोरदार सरीत भरतं, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. नदी धोक्यावर गेली की काळा घोडा, मंगल पांडे, मुंजमहुडा असे पूल एकेक करून बंद होतात आणि एका शहराची दोन गावं होतात. सयाजी हॉस्पिटल या बाजूला, गोत्रीचं हॉस्पिटल त्या बाजूला. नर्स एका काठावर राहते, ड्यूटी दुसऱ्या काठावर. आमच्या समाजाचं तर घरच नदीनं विभागलेलं आहे : आईवडील वाड्यात, मुलगा-सून अकोटा, वासणा, गोत्रीकडच्या फ्लॅटमध्ये. २०२४ मध्ये कितीतरी घरांत दोन्ही काठांवरून फक्त फोन चालू होते, बॅटरी संपेपर्यंत.

गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी हा साडेतीन किलोमीटरचा अटल ब्रिज डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. गाडीवाल्यांची सोय झाली हे मान्य. पण तो अख्खा पूल नदीच्या एकाच बाजूला आहे. बुलेट ट्रेनचे खांब विश्वामित्री ओलांडून गेले. या सगळ्या मोठ्या कामांत, पुराच्या दिवशी वासण्याहून सयाजी हॉस्पिटलला बसनं कसं पोचायचं, याचं उत्तर मात्र मिळालेलं नाही. ते उत्तर महाग नाही. कोणत्या पातळीला कोणता पूल बंद होणार, कोणता शेवटपर्यंत चालू ठेवणार, त्या पुलाच्या दोन्ही टोकांना सिटी बस कुठपर्यंत येणार आणि कुठून वळणार, हे जून लागण्याआधी ठरवून प्रत्येक बस थांब्यावर लावता येईल. जनमहालच्या बस स्थानकावर, सयाजी हॉस्पिटलच्या दारात, रिक्षा स्टँडवर. शटल रिक्षावाल्यांनाही त्यात घ्या. पुराच्या दिवशी अर्धं शहर तेच हलवतात.

बसचा दुसरा मुद्दा न्यायाचा आहे. काठ मोकळे करायची वेळ आली की पहिला हात परशुराम भठ्ठ्यासारख्या गरीब वस्त्यांवर पडतो. धोक्याच्या जागी कुणी राहू नये हे मलाही मान्य आहे. पण कामावर जायला बस नसलेल्या टोकाला घर दिलं, तर बाईची धुण्याभांड्याची कामं सुटतात, मुलांची शाळा सुटते आणि वर्षभरात ते कुटुंब पुन्हा कुठल्यातरी नाल्याकाठी दिसतं. घराची चावी आणि बसचा मार्ग एकाच दिवशी द्या. आणि रेषा आखली की तिच्या आतल्या झोपडीला जो नियम तोच आतल्या क्लबला, पार्टी प्लॉटला आणि टॉवरलाही. रेषा नसेल तोवर हा सारखेपणा सिद्धच करता येत नाही, म्हणूनही ती हवी.

करायचं काय, तेही लिहितो. २०२४ चा पूर जिथवर चढला ती रेषा सर्व्हे नंबरसकट नकाशावर घ्या. नदी, कोतरं, कांसा, तलाव, सगळं एकाच नकाशात. तो प्रत्येक वॉर्ड ऑफिसात भिंतीवर लावा, संकेतस्थळावर ठेवा, गुजरातीत, वाचता येईल अशा अक्षरांत. लोकांच्या हरकती ऐका, मग अंतिम करा. त्यानंतर ठरावीक अंतरावर दगड रोवा. वुडाच्या आणि पालिकेच्या नव्या टीपी स्कीममध्ये, म्हणजे नगररचना योजनेत, त्या दगडांच्या आत फायनल प्लॉट (बांधकामासाठी मालकांना द्यायचे भूखंड) पडू देऊ नका; ती जमीन बाग, मैदान, गवत म्हणून राखा. ज्या शेतकऱ्यांची जमीन त्यात जाईल त्यांना स्कीममध्येच दुसरीकडे भरपाई द्या, कायदा त्याला वाट देतो. आधीच बांधलेल्या इमारतींचा प्रश्न अवघड आहे आणि तो एका पत्रात सुटणार नाही, पण निदान त्यांच्या खरेदी-विक्रीच्या कागदावर पूररेषेचा उल्लेख सक्तीचा करा आणि नव्या तळघरांना परवानगी देऊ नका. आजव्यातून पाणी सोडण्याआधी त्या रेषेच्या आतल्या प्रत्येक घराला कळलं पाहिजे. रेषा असेल तर कुणाला कळवायचं याची यादी आपोआप तयार होते.

आणि एक गोष्ट वेळेवर करण्यासारखी आहे. २०२४ च्या पाण्याची खूण अजून पुष्कळ भिंतींवर आहे. काहींनी ती मुद्दाम पुसलेली नाही, काहींनी खडूनं तारीख लिहून ठेवली आहे, मंदिरांच्या खांबांवर शेंदराची रेघ आहे. सर्व्हेच्या कामात याहून चांगला पुरावा मिळत नाही, आणि दर दिवाळीच्या रंगकामात तो कमी होतो आहे. आपले सर्व्हेअर वॉर्डावॉर्डात पाठवा. बरोबर चालायला, खुणा दाखवायला आणि फूटपट्टी धरायला आम्ही दांडिया बाजारातले काही निवृत्त लोक तयार आहोत. आमच्यात दोघं बांधकाम खात्यातले आहेत, त्यांना लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची मोजायचं यंत्र, लावता येते. येणाऱ्या दिवाळीच्या आधीची तारीख कळवावी.

आपला,
दांडिया बाजारातील एक रहिवासी
बडोदे